लाखाचा पीसी नंतर, आधी सहा हजारांचा डबा

भाच्याची दहावीची परीक्षा संपली आणि निकाल लागायच्या आतच कळव्याला ताईकडे गेमिंग पीसीचा विषय निघाला. त्याने वहीच्या पानावर यादी केली होती. ग्राफिक्स कार्ड, पाण्याने थंड होणारा प्रोसेसर, रंगीत दिवे लागणारी रॅम, खाली दोनदा अधोरेखित बेरीज: एक लाख अठरा हजार. भावोजींनी कागद माझ्याकडे सरकवला. "तू कंप्युटरवाली. तूच बोल आता त्याच्याशी."

मी ऐरोलीत राहते आणि म्हापेच्या एका कंपनीत सतरा वर्षं सिस्टिम सांभाळते. लोकांचे पासवर्ड, प्रिंटर आणि राग, तिन्ही. मी त्याला एकच विचारलं, "एवढ्या मशीनवर करायचंय काय?" तो म्हणाला, "गेम बनवायचाय, मावशी." खेळायचाय म्हणाला असता तर मी गप्प बसले असते, तो त्याच्या आईबापांचा प्रश्न. पण बनवायचा असेल तर हा कागद उलटा आहे. लाखाच्या मशीनवर बनवलेला गेम त्या मशीनवर छानच पळतो. तो त्याच्या मित्राच्या चार वर्षं जुन्या फोनवर अडखळतो हे मात्र कळतं सगळ्यात शेवटी, जेव्हा दुरुस्त करायची ताकद उरलेली नसते.

तुमच्या घरात असा कागद फिरत असेल तर आम्ही काय केलं ते सांगते. चुकांसकट.

डबा घेताना

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या दर काही वर्षांनी पीसी बदलतात. जुना माल लॉटने उचलला जातो, साफ होतो आणि दुकानात येतो. दुकानदार अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, पण तिथे त्यांचा शब्द सुधारत बसू नका. आम्ही दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरलो. शेवटी इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय५-४५७० असलेला, आडवा ठेवता येणारा छोटा ऑफिस पीसी साडेसहा हजारांना घेतला. चार कोअर, ३.२ गिगाहर्ट्‌झ, आत एचडी ४६०० ग्राफिक्स. आजच्या हिशोबाने म्हातारा, पण टू-डी गेम बनवायला पुरून उरतो.

दुकानातच तो चालू करून मागा आणि सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरा. कंपन्यांचे पीसी म्हटल्यावर माझ्यासारख्या कोणीतरी त्यात बायोस पासवर्ड टाकलेला असतो, आणि तो काढायचा विसरलेला असतो. आम्ही पाहिलेल्या दुसऱ्या दुकानात अगदी तेच निघालं. दुकानदार म्हणाला, "घरी जाऊन होईल, मॅडम." मॅडम रोज हेच काम करतात, म्हणून मॅडम तिथून निघाल्या. बायोसमध्ये तारीख भलतीच दिसली तर घाबरू नका, आतला नाण्यासारखा सीआर२०३२ सेल संपलाय, घड्याळजीकडेही मिळतो. मागचे पोर्ट बघा. या ऑफिस पीसींना बहुधा व्हीजीए आणि डिस्प्लेपोर्ट असतात, एचडीएमआय नसतो. घरचा टीव्ही जोडायचा बेत असेल तर कन्व्हर्टरचे पैसे धरून चाला.

आता रॅम. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळे "किती जीबी" विचारतात आणि "किती पट्ट्या" कोणीच विचारत नाही. या मशीनमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते रॅममधूनच उसनवारी करतं. डीडीआर३-१६०० ची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी माहिती ने-आण करते. तशाच दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की दोन्ही रस्ते एकदम उघडतात आणि मर्यादा २५.६ वर जाते. म्हणून आठची एक घेण्यापेक्षा चार-चारच्या दोन घ्या. आमच्या डब्यात चारची एकच होती. तशीच दुसरी टाकली, आणि भाच्याला कार रेसिंगमधला फरक सांगावा लागला नाही.

हार्ड डिस्क असेल तर काढून साटा एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, लावा. २५६ जीबी भरपूर झाली. प्रोसेसरवरची पेस्ट इतक्या वर्षांत वाळून खडूसारखी होते. पंखा उचला, जुनी पेस्ट पुसा, नवी वाटाण्याएवढी ठेवा. यापेक्षा जास्त लावायची गरज नाही, ती मेंदी नाही.

ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. हे मी ठळक अक्षरांत लिहायला हवं, कारण भाच्याने माझं न ऐकता मित्राकडून जीटी १०३० उचललं. नाव बरोबर, खोकं बरोबर, बसलं पण. पण जीटी १०३० दोन तऱ्हेचं येतं: एक जीडीडीआर५ मेमरीचं, दुसरं साध्या डीडीआर४ चं. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी देते, दुसऱ्याची १७ च्याही आत. नाव एकच, माल निम्म्याहूनही खाली. त्याला अर्थातच दुसरं मिळालं होतं. शिवाय छोट्या डब्यात कमी उंचीचंच कार्ड मावतं आणि पॉवर सप्लाय कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो, बाजारातला मोठा आणून लावू म्हटलं तर ना स्क्रू जुळत ना पिना. कार्डाचा मोह पडलाच तर स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटांत भागणारं, कमी उंचीचं, आणि मेमरीचा प्रकार खोक्यावर वाचून.

आत काय टाकायचं

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. चौथ्या पिढीचा डबा म्हणजे दोन्हीकडून परका. मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती टाकली. पेनड्राइव्हवरून आधी नुसती चालवून बघा, इन्स्टॉल न करता. आवाज येतो का, नेट चालतं का, एवढं पाहिलं की पुढे जा. यूएसबी वायफायचे काही डोंगल लिनक्सवर रुसतात; आमचाही रुसला. राउटरपासून लॅनची वायर टाकली आणि विषय संपवला.

ओपनजीएल आणि व्हल्कन म्हणजे गेमने ग्राफिक्सशी बोलायच्या दोन भाषा, पहिली जुनी, दुसरी नवी. या मशीनवर ओपनजीएल ४.६ नीट मिळतं, पण व्हल्कनचा आधार अर्धवट आहे. हे वाक्य आत्ता नुसतं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी खेळा, मग फाइल उघडा

पहिले चार दिवस मी त्याला कोडचं नाव काढू दिलं नाही. मुक्त गेम, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला आहे असे, टाकून दिले आणि म्हटलं, खेळ.

माझी मतं ऐकायची तर सुपरटक्सकार्ट हा शर्यतीचा गेम पाहुण्यांच्या मुलांसमोर लावायला उत्तम. झीरो एडी दिसायला देखणा आहे, त्यात मौर्यही आहेत, हत्ती पाठवता येतात. पण सैन्य वाढलं की आमचा डबा धापा टाकायला लागतो. ओपनटीटीडी मला स्वतःला आवडतो. रात्री अकराला एक रेल्वेमार्ग टाकायला बसते आणि सिग्नल नीट लावेपर्यंत दोन वाजतात. बॅटल फॉर वेस्नॉथ हा पाळीपाळीने खेळायचा लढाईचा गेम २००३ पासून चालू आहे, आणि त्यात जादूगाराचा नेम ७० टक्के लागतो असं लिहिलेलं असून माझा तीनदा चुकतो. मुक्त गेमांचं दुखणंही सांगून टाकते: यांत्रिकी भक्कम, चित्रं आणि पहिल्या दहा मिनिटांची ओळख कच्ची. फुकट वेळ देणारे प्रोग्रॅमर मिळतात, चित्रकार कमी मिळतात, आणि नवख्याला हात धरून नेणारा तर कोणालाच व्हायचं नसतं.

पण वेस्नॉथ मी मुद्दाम दिला होता. त्यातल्या प्रत्येक सैनिकाची माहिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. डेटा, कोअर, युनिट्स, ह्यूमन्स असं आत गेलं की भालेवाला सापडतो. त्याची किंमत १४ सुवर्ण, प्राण ३६. मूळ फाइलची कॉपी ठेवली, ३६ चे ३६० केले, गेम पुन्हा चालू करून नवा डाव मांडला. एकटा भालेवाला सगळ्या शत्रूंना पुरून उरला. भाचा पाच मिनिटं हसत होता, मग म्हणाला, "पण मावशी, यात मजाच नाही राहिली." मग तो स्वतःच ३६ वरून ४०, ४२, ४५ करत बसला. गेम डिझाइन म्हणजे हेच. क्लास नको त्याला.

इथेच लायसन्सचा एक बारकावा समजावून टाका. कोड मुक्त असला म्हणजे चित्रं आणि आवाजही मुक्त असतात असं नाही. डूम या जुन्या गेमचा कोड १९९७ मध्ये खुला झाला, पण त्याचे नकाशे आणि राक्षस कंपनीचेच राहिले; म्हणून फ्रीडूम नावाने लोकांनी वेगळे बनवले. ओपनटीटीडीलाही आधी मूळ गेमची चित्रं लागायची, नंतर त्यांनी स्वतःची काढली. तुमच्या मुलाने नेटवरून उचललेलं चित्र सीसी०चं (कोणीही विनाअट वापरावं असं) आहे का, नाव देऊन वापरायचं आहे का, की नुसतंच उचललेलं आहे, हे पहिल्या दिवसापासून एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवायला लावा. सहा महिन्यांनी आठवत नाही. केनी या साइटच्या संग्रहातली चित्रं सीसी० आहेत, सुरुवात तिथून करा.

गोडो

इंजिन, म्हणजे ज्यावर गेम बांधायचा तो तयार सांगाडा, म्हणून गोडो. हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मन्झूर या अर्जेंटिनाच्या दोघांनी ते आधी स्वतःच्या कामासाठी बनवलं आणि २०१४ मध्ये वाटेल तसं वापरू देणाऱ्या एमआयटी लायसन्सवर खुलं केलं. पैसे नाहीत, हिस्सा नाही. "युनिटी का नाही? सगळे तेच शिकवतात," असं भाच्याने विचारलंच. युनिटी हे एका कंपनीचं इंजिन. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने एका मर्यादेनंतर दर इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं, आरडाओरडा झाला, आणि वर्षभराने तो निर्णय मागे घेतला. मागे घेतला हे खरं. पण ज्यांचे गेम अर्धे झाले होते त्यांची झोप तेवढ्यात उडाली होती. गोडोची आज हातात असलेली आवृत्ती उद्या कोणाच्या पत्रकाने महाग होत नाही.

झिप फाइल शंभर एमबीच्या आत आहे. उघडा, चालवा, इन्स्टॉल करायला काही नाही. सी शार्प भाषेची वेगळी आवृत्ती दिसेल, ती घेऊ नका. गोडो ४ मध्ये सी शार्पचा प्रोजेक्ट ब्राउझरसाठी बाहेर काढता (एक्सपोर्ट करता) येत नाही. साधी घ्या आणि गोडोची स्वतःची भाषा, जीडीस्क्रिप्ट, शिका. शाळेत पायथॉन झालं असेल तर घरचंच वाटेल.

नवा प्रोजेक्ट करताना रेंडरर, म्हणजे चित्र पडद्यावर काढणारा भाग, कोणता ते विचारतो: फॉरवर्ड प्लस, मोबाइल, कंपॅटिबिलिटी. पहिले दोन व्हल्कनवर चालतात. आमच्या डब्याचं व्हल्कन अर्धवट, म्हणून कंपॅटिबिलिटी. ब्राउझरमध्येही तेच चालतं, जुन्या फोनलाही तेच झेपतं. गरिबीने घेतलेला निर्णय नेमका उपयोगाचा निघाला.

आता कल्पना. भाच्याला खुलं जग, चार शहरं, गाड्या पळवणं असं हवं होतं. मी म्हटलं, तू रोज बघतोस ते घे. ठाणे स्टेशनच्या दोन नंबरच्या फलाटावर एक माणूस उतरतो. त्याला पुलावरून पलीकडे जाऊन वाशीची ट्रान्सहार्बर गाडी पकडायची आहे. हातात चाळीस सेकंद. आणि मध्येच घोषणा होते की गाडी नऊऐवजी दहावर येतेय. ठाणेकराला हा गेम समजावून सांगायची गरज नाही.

पहिल्या आठवड्यात माणूस म्हणजे निळा चौकोन. त्याला कॅरेक्टरबॉडी-टूडी नोड (गोडोतला तयार ठोकळा), त्याखाली टक्कर ओळखायला कॉलिजनशेप आणि चित्रासाठी स्प्राइट. जिने-पूल चौकोनी तुकडे जोडणाऱ्या टाइलमॅपलेयरने. गाडी म्हणजे एक एरिया-टूडी, चौकोन तिला शिवला की तशी खबर (गोडोच्या भाषेत सिग्नल) सुटते आणि आपण जिंकतो. टायमर संपला की गाडी जाते. एवढंच. चित्रं काढायला बसायचं नाही, गेम चालेपर्यंत नाहीच.

चालण्याची स्क्रिप्ट नव्याने लिहू नका, गोडो तयार नमुना देतं. त्यात वेग ३०० आणि उडी उणे ४०० असते. उणे का, तर स्क्रीनवर वाय अक्ष खाली वाढतो. गुरुत्वाकर्षण ९८०. इथे मला आनंद झाला, कारण नववीतली गतीची समीकरणं बाहेर काढता आली. उडीची उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दुप्पट गुरुत्व: १,६०,००० भागिले १,९६०, सुमारे ८२ पिक्सेल. आमच्या नकाशाचा एक चौकोन ३२ पिक्सेलचा, म्हणजे उडी अडीच चौकोन. चार चौकोनांच्या सामानाच्या ढिगावरून उडायचं तर १२८ पिक्सेल हवेत. उलटं गणित केलं की वेग ५०१ येतो. आकडा टाकला, उडी बसली. "हे खरंच चालतं?" असं त्याने अशा आवाजात विचारलं की शाळेत इतके दिवस त्याला काय वाटत होतं कोण जाणे.

मग दोन दिवस माणूस गोगलगायीसारखा सरकत होता. कुठल्यातरी जुन्या व्हिडिओत बघून त्याने वेगाला डेल्टाने गुणलं होतं. डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, साधारण साठावा भाग सेकंद. गुरुत्वाने वेग वाढवताना त्याने गुणायचं, पण 'मूव्ह अँड स्लाइड' हे फंक्शन वेगाचा वेळेशी गुणाकार स्वतःच करतं. दोनदा गुणलं की माणूस साठपट हळू. ठाण्याच्या पुलावर संध्याकाळी सातला तसंच चालावं लागतं हे खरं, पण गेमसाठी नको.

तिसऱ्या आठवड्यात त्याला सुचलं की एक पातळी १८५३ ची करू. १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी, चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, सगळं माहीत होतं त्याला. मलाही मोह झाला. पण वाफेचं एक इंजिन नीट काढायला त्याला चार दिवस लागले असते, आणि जिन्यावरून उतरताना माणूस भिंतीत अडकायचा तो दोष अजून तसाच होता. कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं: "नंतर". तो कागद आता बराच लांब झालाय.

पिक्सेलची चित्रं धूसर दिसली तर प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये टेक्श्चर फिल्टर 'निअरेस्ट' करा. चित्रांसाठी क्रिटा, आवाजासाठी ऑडॅसिटी. घोषणेचा आवाज ताईने दिला. तिने नऊ वेळा रेकॉर्ड केलं, प्रत्येक वेळी "कृपया" म्हणताना हसू फुटत होतं, सातवं घेतलं.

मराठी अक्षरं

गोडो ३ मध्ये देवनागरी मोडते. 'किती' लिहिलं की वेलांटी भलत्या जागी, जोडाक्षरं सुटी. गोडो ४ मध्ये अक्षरजुळणी हार्फबझ नावाचा प्रोग्रॅम करतो, ती अडचण गेली. म्हणून जुना डबा आहे म्हणून जुनं गोडो, असा हिशोब करू नका; नवं गोडो, कंपॅटिबिलिटी रेंडरर.

तरी आम्ही फसलो. घरच्या मशीनवर "पुढील गाडी" सुबक दिसत होतं. ब्राउझरसाठी बाहेर काढल्यावर तिथे नुसते चौकोन. कारण असं: प्रोजेक्टमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. गोडो गुपचूप लिनक्सचा फॉन्ट उसना घेत होतं, आणि ब्राउझरमध्ये ती सोय नाही. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट मुक्त लायसन्सवर मिळतो. तो प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकला, थीमच्या सेटिंगमध्ये कस्टम फॉन्ट म्हणून दिला, झालं.

जपणं आणि बाहेर काढणं

जूनच्या पहिल्या पावसात दुपारी वीज गेली आणि एक अख्खी पातळी गेली. त्या संध्याकाळी गिट शिकवलं, कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणारं साधन. गोडोचे सीन, म्हणजे पातळ्या-पात्रांच्या फाइल, साध्या मजकुरात साठतात, त्यामुळे काल आणि आज काय बदललं ते ओळ न ओळ दिसतं. नवा प्रोजेक्ट करताना गिटचा पर्याय निवडला की कोणतं फोल्डर वगळायचं ते गोडो स्वतःच लिहून देतं. नियम एकच ठेवला: जेवायला उठायच्या आधी कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंद. हाक दोनदा मारावी लागते, पण कमिट होतं.

ब्राउझरसाठी काढताना आवृत्ती ४.३ किंवा पुढची असू द्या. आधी त्याला सर्व्हरवर खास सेटिंग (हेडर) लागायचं, ४.३ पासून एका थ्रेडवर चालणारा पर्याय आला आणि ती कटकट गेली. एक्सपोर्ट टेम्पलेट, म्हणजे गेम बाहेर काढायला लागणारे साचे, नेमक्या त्याच आवृत्तीचे उतरवा. मुख्य फाइलचं नाव इंडेक्स ठेवा, सगळं झिप करा, इच या गेम ठेवायच्या साइटवर चढवा. ती फाइल घरी डबल क्लिक करून उघडणार नाही, त्याला तात्पुरता सर्व्हर लागतो. गोडोच्या एडिटरमधून ब्राउझरमध्ये चालवायचं बटण आहे, ते वापरा. अँड्रॉइडसाठी जेडीके आणि एसडीके हे दोन जास्तीचे संच उतरवून बसवावे लागतात. सुट्टीच्या दिवशी करा, आणि डेटा पॅक बघून.

चाचणी घरच्यांवर करू नका, ते कौतुक करतात. आम्ही ताईच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना फोनवर दिला. त्यांनी पाच वेळा गाडी चुकवली. चाळीस सेकंद कमी आहेत असं आम्हाला वाटलं. मी शेजारी उभी राहून पाहिलं तेव्हा दिसलं की उडीचं बटण कोपऱ्यात इतकं खाली आहे की अंगठा ठेवला की फोनचं होम उघडतंय. भाच्याने बटण दीड सेंटिमीटर वर घेतलं. सहाव्या वेळी काकांना वाशीची गाडी मिळाली, आणि ते म्हणाले, "आता दिवा स्टेशनची पण टाक, मला तिकडे जायचं असतं."